स्वयंपाकघरातला पॅरलल

९ नोव्हें. १९९७, रवि.
सप्रेचं लग्न ठरलं. बोर्डावर त्याचं नाव ‘मुंजा’, त्यामुळे सगळ्यांनी धुतला. मुंजानेच लग्न केलं तर पिंपळाचं काय? पिंपळ म्हणजे बोर्ड, सप्रेच्या ठाण्यातल्या टायपिंग क्लासमधला कॉम्प्युटर. सकाळी क्लास उघडायच्या आत एकेकाने मॉडेमवरून फोन लावायचा, भुताच्या गोष्टी वाचायच्या, आपली टाकायची, पुढच्याला जागा द्यायची. लग्नानंतर तो नाशिकला जाणार. डिसेंबरअखेर बोर्ड बंद, क्लास दुसरं कोणी चालवेल.
सु. गेल्यापासून मी आपणहून बोलतो ती माणसं एवढीच. निम्मी पाहिलेलीही नाहीत.

१६ नोव्हें.
ठरलं. इंटरनेटवर मेलिंग लिस्ट काढायची. काम माझ्याकडे, कारण कंपनीचं कनेक्शन मला सकाळी घरून वापरता येतं. सप्रेने जुन्या गोष्टींच्या फ्लॉपी दिल्या. त्या थोड्या थोड्या वर चढवायच्या.
नियमही मीच लिहायचे. पहिला: भूत लवकर दाखवू नये, दिसलं की गोष्ट संपते. दुसरा: ‘सत्य घटना’ घेणार नाही.
‘नाखवा’ ठाण्याच्या कोळीवाड्यातला, बँकेत आहे. फोन करून म्हणाला, “दादा, मग आमच्या खाडीतल्या गिऱ्ह्याचं काय? तो माझ्या काकाच्या ओळखीचा आहे.”
हसलो. बऱ्याच दिवसांनी. बाबांनी आतून मान वर करून पाहिलं.

२३ नोव्हें.
लिस्ट सुरू. पुण्याचे दोघे, नागपूरचा एक. अमेरिकेतून एक बाई, मूळच्या आमच्या डोंबिवलीच्या. त्यांनी भुतांबद्दल काहीच लिहिलं नाही. मानपाडा रोडवरची चिंच अजून आहे का, एवढंच विचारलं. लहानपणी तिच्याखालून पळत जायच्या.
चिंच नाही. अजून कळवलेलं नाही.

२६ नोव्हें.
सकाळी सव्वासातच्या सुमारास, गोष्ट चढत असताना, लाइन तुटली. मी “आलो” म्हणून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. गॅस बंद. ओटा कोरडा.
चहा झाला की सु. तिथला पॅरलल फोन, याच लाइनवरचा दुसरा, उचलून परत ठेवायची. लगेच माझं कनेक्शन जायचं. चिडलो तर म्हणायची, “हाक मारून तुम्ही येत नाही. लाइन तोडली की येता.”
तिला भुताच्या गोष्टींची भीती कधी वाटली नाही. शेवटचं पान आधी वाचायची. बोर्डावरचं माझं ‘चकवा’ हे नाव तिनेच दिलेलं, बाजारात पाठवलं की मी रस्ता चुकतो म्हणून.

२ डिसें.
दोनतीन दिवसांआड तेच. साधारण तीच वेळ. अर्धी गोष्ट जाते, पुन्हा पहिल्यापासून.
बाबांना विचारलं, तुम्ही फोन उचलता का?
“मी तुझ्या फोनला हात लावत नाही.”
खरंच लावत नाहीत.

६ डिसें.
बाबा कालच विहारातल्या लोकांबरोबर दादरला गेले. दरवर्षी मी असतो. या वर्षी गर्दीत उभं राहवेल असं वाटलं नाही. घरात एकटा. लाइन तुटली. म्हणजे तोडणारे बाबा नाहीत.

७ डिसें.
नाखवाला सांगितलं. सांगायला नको होतं. तो हळू आवाजात म्हणाला, “दादा, वैनी असतील. माझी मावशी प्लँचेट करते. विचारून बघू, काही हवंय का त्यांना.”
आमच्यात ते नाही, म्हटलं. श्राद्ध नाही, पिंड नाही. बाबांनी तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात भूत फक्त पुस्तकात. सु.चंही पुण्यानुमोदन केलं, बाकी काही नाही. मी भुतं इतक्या आवडीने वाचतो ती नसतात म्हणूनच.
“नसतील,” नाखवा म्हणाला. “पण बोलावलं तर उठून चहा तरी घ्या.”

८ डिसें.
तुटली. उठून चहा केला. पाणी जास्त झालं.

२१ डिसें.
पुण्याच्या एकाने लिस्टवर लिहिलं, सभ्यपणेच: चकवा यांची लाइन सारखी तुटते, जुन्या गोष्टी निम्म्याही आल्या नाहीत, लोक कंटाळून जातील. लाइन दुरुस्त होत नसेल तर फ्लॉपी माझ्याकडे पाठवाव्यात, मी सांभाळतो. चौघांनी होकार दिला.
बरोबरच आहे त्यांचं. पण काम गेलं की मला सकाळी कोण लिहिणार? गोष्टीची पोच, जोडीला दोन ओळी, एवढंच येतं मला. तेवढ्यावर दिवस जातो.
बाबांना सांगितलं. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना अशा गोष्टी समजतात.
“तक्रार नोंदव. त्याआधी पॅरललचा प्लग काढून बघ. तरी तुटली तर वायर, नाही तुटली तर तो फोन. परीक्षा करायला काय हरकत आहे?”
काहीच हरकत नाही.

२२ डिसें.
प्लग धरला. रिसीव्हरवर हळदीचा डाग आहे, अंगठ्याचा.
नाही काढला.

४ जाने. १९९८
बोर्ड बंद होऊन चार दिवस झाले. सवयीने नंबर लावला गेला. मॉडेमच्या किंचाळण्यावर क्लासमधली कोणी मुलगी हॅलो, हॅलो म्हणत राहिली. घाबरली असेल. पटकन बंद केलं.

९ जाने.
लाइनमन आला. तक्रार बाबांनी नोंदवली होती, मला न सांगता. त्याने जिन्याखालचा डबा उघडून पाहिला. आत गंज, थंडीत सकाळी दव धरलं की लाइन खरखरते आणि तुटते. अर्ध्या तासाचं काम.
म्हणजे वायर. मला हे माहीत नव्हतं असं नाही.
“करून टाकू ना, साहेब?”
म्हटलं, आत्ता नको.
“अहो, तक्रार तुमचीच आहे. मी एकदा गेलो की परत कधी येईन सांगता येत नाही.” मग बाबांकडे वळला. “काका, तुम्ही तरी सांगा यांना.”
बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं.
“तो नको म्हणतोय ना.”
लाइनमन गेल्यावर ते बराच वेळ त्याच पानावर होते.

११ जाने., रवि.
सकाळी लिस्टला पत्र लिहायला बसलो. लाइन कधी नीट होईल सांगता येत नाही. काम पुण्याला द्यायचं असेल तर द्यावं, फ्लॉपी नाखवाबरोबर पाठवतो. मला मात्र लिस्टवर राहू द्यावं, वाचायला तरी. अमेरिकेच्या बाईंना लिहिलं, चिंच तोडली, पण तिथून जाताना लोक अजून भरभर चालतात. ते खरं नाही.
पाठवायची कळ दाबली आणि लाइन तुटली.
उठून स्वयंपाकघरात गेलो. बाबा ओट्याशी उभे. गॅसवर भांडं, दूध बाहेर काढलेलं. त्यांनी आजवर कधी चहा केलेला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती यात काय घालायची रे?”
गवती चहा, म्हटलं.
खिडकीतली कुंडी वाळलीये. तरी बुंध्याशी दोन पाती हिरवी निघाली. तीच घातली. दोघांनी तिथेच उभ्याने प्यायला.
पत्र गेलं की नाही, अजून पाहिलेलं नाही.