गिऱ्हाइकाची कुजबुज

धारगळ,
४ मे २०२५

ती. गोकुळदासमामांस,
भाची तनया हिचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर मी नोकरी लागल्याचं सांगितलं, तर तुम्ही मुलगा काय करतो असं विचारलंत. मी पुन्हा ओरडून सांगितलं, तेव्हा पत्रिका पाहिली का म्हणालात. म्हणून हे पत्र. मामा, मला नोकरी मिळालीय. नवरा अजून नाही.

पेडणे बाजारात श्रवणयंत्रांचं केंद्र उघडलंय. तिथे शीतल मॅडम कान तपासतात आणि मी यंत्रं विकते, म्हणजे विकायची असतात. स्कूटरवरून गावोगाव फिरते, कमी ऐकू येणारी माणसं शोधते आणि त्यांना माहिती सांगते. जुलैअखेरपर्यंत बरी विक्री दिसली तर कायम करतील, नाहीतर स्कूटर आणि मी दोघी घरी.

तीन आठवड्यांत एकही यंत्र गेलं नाही. कंपनीने शिकवलेलं सगळं मी घडाघडा म्हणून दाखवते, सोळा चॅनल, ब्लूटूथ, पाण्याचं वावडं नाही. कोरगावला एका आजोबांपुढे चाळीस मिनिटं बोलले. त्यांनी शांतपणे मान डोलावली, मूठभर काजू माझ्या हातावर ठेवले आणि आपल्याला विमा काढायचा नाही असं सांगितलं.

तुम्ही डिचोलीच्या दुकानात अडतीस वर्षं साड्या विकल्यात. आई म्हणते, नुसता पत्ता विचारायला आलेली बाईसुद्धा तुमच्याकडून साडी घेऊन जायची. मला काहीतरी शिकवा. मामींना नमस्कार.

लोभ तर तुमचा आहेच. सध्या त्याबरोबर थोडी अक्कलही पाठवावी.
तुमची,
तनया


डिचोली,
११ मे २०२५

चि. तनयाबाय हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनचं मनावर घेऊ नकोस. आमच्याकडे रेंज नाही, आणि हल्लीची माणसं बोलतात तीही तोंडातल्या तोंडात. धंदा मात्र चांगला निवडलास. पहिलं यंत्र तुझ्या आईला दे. ती मला फोनवर एकेक गोष्ट तीन-तीनदा सांगते. स्वतःला ऐकू येत नसलं की माणूस असंच करतो.

आता कामाचं. गिऱ्हाईक आलं की मी कधी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून राहिलो नाही. तू दुसऱ्याच्या घरी जातेस, तर उलट वाग. बस म्हटल्याशिवाय बसू नकोस, बसल्यावर उठायची घाई करू नकोस, आणि पाणी दिलं तर पी. काय पाहिजे असं मी कुठल्या बाईला विचारलं नाही. कोणासाठी आणि काय कार्य आहे, एवढंच विचारायचो. साड्या तीनच दाखवायचो. तीस उघडल्या की बाई दमते, घरी विचारून येते म्हणते, आणि आपण घड्या घालत बसतो. तुझे सोळा चॅनल म्हणजे त्याच तीस साड्या. ज्या म्हाताऱ्याच्या टीव्हीवर दोन दिसतात त्याला सोळा कशाला?

आणखी एक. तुझे व्हॉट्सअ‍ॅप मामीने दाखवले. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि त्याखाली सवलत. ते आधी बंद कर. मला त्या फुलाचाच राग आला.

मामाची माया आहे तशीच आहे, तीत सवलत नाही.
गोकुळदास


धारगळ,
१ जून २०२५

ती. मामांस,
तनयाचा वाकून नमस्कार. वि. वि.

फुलं बंद केली. तीन लोकांनी आभार मानले.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी पाणी पिते. इतकं पिते की कुठल्या वाड्यावर कोणाची विहीर गोड, ते मला आता पाठ आहे. आणि केरीच्या विठ्ठलकाकांनी चक्क यंत्र घेतलं! मी पेढेसुद्धा वाटले. पाचव्या दिवशी ते यंत्र घेऊन परत आले. तीस वर्षं भजनात पुढे बसून गातात ते. यंत्र लावून गेले आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू आला. त्यांचं म्हणणं असं की यंत्र बिघडलेलं आहे. मॅडमनी तपासलं, यंत्र उत्तम होतं. मग मंडळींनी इतकी वर्षं आपल्याला का सांगितलं नाही, असं मला विचारू लागले. मी यंत्र परत घेतलं.

दुसरी भानगड माझीच. पार्सेच्या एका आजींसाठी कानाच्या मापाचे साचे करून आले होते. मी त्यांच्या मुलाला पाठवायचा निरोप घाईत त्यांच्या सगळ्या घराण्याच्या ग्रुपवर पाठवला, तोही असा: आजींचे दोन्ही कान तयार आहेत, पाचच्या आत घेऊन जावे. मुंबईहून तिघांचे फोन आले. त्यातली एक रडत होती.

आता दोन महिने उरलेत आणि माझ्या नावावर शून्य. पुढचं शिकवा.

रागवा, पण रागावून झाल्यावर लोभ करावा.
तनया


डिचोली,
८ जून २०२५

चि. तनयाबाय हिस,
मामाचे, हसू आवरून, आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती पोदेराचे पाव घ्यायला दारात गेली आणि तिथेच हसत बसली, तो बिचारा घंटी वाजवत उभा.

निरोप पाठवण्याआधी एकदा तो आपल्यालाच आला आहे असं समजून वाच. आपले कान तयार आहेत असं कोणी तुला कळवलं, तर तू काय करशील? नाव आधी, काम मागून, आणि कोणाला पाठवतो आहोत ते सगळ्यांत शेवटी पुन्हा बघायचं. दुकानात आम्ही पोस्टकार्डं लिहायचो, तेव्हाही मी पत्ता दोनदा वाचायचो.

विठ्ठलचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण त्याला यंत्र कशासाठी हवं, हे तू विचारलंच नाहीस. तेवढा एक प्रश्न विचार आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं जमत नाही म्हणून निम्मे विक्रेते फुकट जातात. समोरचा बोलत नाही असं दिसलं की आपली जीभ वळवळते आणि आपण सवलत बोलून जातो. दाताखाली बडीशेप धर, पण गप्प बस.

आशीर्वाद भरपूर आहेत, लागतील तसे घेत जा.
गोकुळदास


धारगळ,
२९ जून २०२५

ती. मामांस,
तनयाचा दोन्ही हातांनी नमस्कार. वि. वि.

मामा, विकलं! आणि परत आलेलं नाही!

कोरगावच्या सत्यवतीबाय खाजें करतात, बेसनाच्या तळलेल्या काड्या गुळात घोळवून. जत्रेत त्यांचं दुकान असतं. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं की यंत्र नको, बहिरेपण धंद्याला चांगलं आहे. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, त्यांना ऐकू येत नाही, शेवटी ते दमतं आणि पुरते पैसे देऊन जातं. यावर काय बोलायचं ते कंपनीने शिकवलेलं नव्हतं.

मी पाणी प्यायले. मग त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं की ऐकू येत नाही म्हणून कधी कशाचं वाईट वाटतं का, आणि गप्प बसले. अंगणात कोंबड्या होत्या, त्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. तेव्हा त्या बोलल्या. काड्या तेलात सोडल्या की आधी जोरात खळखळतात, आणि होत आल्या की आवाज बारीक होत जातो. तो बारीक झाला की त्या झारा घालायच्या. चार वर्षं झाली, तो आवाज गेला. आता सून घड्याळ बघून तळते आणि त्या नुसत्या बघत बसतात. सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी सोळा चॅनलचं एक अक्षर काढलं नाही. एवढंच सांगितलं की यंत्राला बटण असतं, जत्रेत बंद करून ठेवता येईल.

दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात आल्या, चुलत बहीण आणि विहीणबाईंनाही घेऊन. तिघींनी घेतली.

आनंद वाटून घ्यावा आणि लोभ वाढता ठेवावा.
तुमची शिष्या,
तनया


डिचोली,
१३ जुलै २०२५

चि. तनया हिस,
वत्सलामामीचे आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न कळवता लिहिते आहे, तेव्हा याचं उत्तर धाडू नकोस.

हे निवृत्त झाले तरी आठवड्यातून तीनदा दुकानात जात होते, ते तुला ठाऊक आहेच. गेल्या मंगळवारी एक बाई आली. सासऱ्यांच्या बाराव्याला द्यायची साडी हवी होती तिला. ह्यांनी बारशाला असं ऐकलं. तोंडभर हसून अभिनंदन केलं, मुलगा की मुलगी म्हणून विचारलं आणि लाल जरीची साडी तिच्या खांद्यावर टाकली. बाई तिथेच रडायला लागली. मालकाच्या मुलाने, गौरेशने, रात्र व्हायच्या आधी घरी येऊन फार आदराने सांगितलं की काकांनी आता विश्रांती घ्यावी.

तेव्हापासून हे दारापुढच्या बलकांवात बसून असतात. जेवण निम्म्यावर आलंय. मी कानाचा विषय काढला तर उठून जातात. तू एवढ्या लोकांना विकतेस, तर तुझ्या मामांपुढे कशी बोलशील बघ. मला चार वर्षं जमलं नाही.

तुझ्यावर जीव आहे, हे लिहायला नको.
मामी


धारगळ,
२० जुलै २०२५

ती. मामांस,
तनयाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझ्या नावावर आठ यंत्रं झाली आहेत. मॅडमनी कायम केलं. हे श्रेय तुमचं.

आज विक्रीचं काही विचारायचं नाही. एकच प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला आहे. तुम्हाला काय ऐकू यायला हवं होतं?

उत्तर येईपर्यंत मी गप्प बसते.
तनया


डिचोली,
१७ ऑगस्ट २०२५

चि. तनयाबाय हिस,
मामाचे, उशिराने का होईना, आशीर्वाद.

पत्र चांगलं होतं. एक प्रश्न, फूल नाही, सवलत नाही. वाचून मला तुझा इतका राग आला की दोन दिवस मी मामीशीही बोललो नाही. मामीने कळवलं असणार, तेही समजलं. असो.

उत्तर लिहायला तीन आठवडे लागले, कारण ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुला सगळं शिकवलं आणि मुख्य तेच राखून ठेवलं. बाई विक्रेत्याशी जे बोलते त्यावर साडी विकली जात नाही. साडी उघडल्यावर ती बरोबरच्या बाईच्या कानाशी जे बोलते, त्यावर विकली जाते. रंग आवडला पण सासू काय म्हणेल, काठ छान आहेत पण परवडणार नाही. अडतीस वर्षं मी घड्या घालण्याचं निमित्त करून ती कुजबुज ऐकत आलो. लोक म्हणायचे, गोकुळदासला मनातलं कळतं. मनातलं कसलं? कान तीक्ष्ण होते एवढंच. ती कुजबुज गेली तेव्हाच माझं दुकान सुटलं होतं. मी नुसता तिथे उभा राहत होतो.

तू केरीला गेलेली असताना मी बसने पेडण्याला जाऊन आलो. तुझ्या समोर कान दाखवायची मला लाज वाटली, म्हणून तो दिवस निवडला. मॅडम सज्जन आहेत, पण त्यांनी मला पाच यंत्रं दाखवली. मीच त्यांना दोन आत ठेवायला सांगितली. विक्री तुझ्या नावावर लिहून घेतली आहे, एकदा बघ.

आता घरातलं. तुझ्या आईचे कान ठणठणीत आहेत, तसं मी तिला फोन करून सांगितलं. तुझी मामी चार वर्षं स्वयंपाकघरात माझ्याविषयी माझ्या पाठीमागे मोठमोठ्याने बोलत आली आहे. सोमवारी मी बलकांवातून तिला उत्तर दिलं. तिच्या हातून आमटीचं टोप पडलं. सध्या घरात फार शांतता आहे.

काल मी स्वतःच दुकानात गेलो. चवथीची गर्दी होती. गौरेशला यंत्र दाखवलं आणि एक तास उभं राहू दे म्हटलं. तो कबूल झाला, पण जवळच घुटमळत राहिला. थोड्या वेळाने दोघी बहिणी आल्या, धाकटीचा साखरपुडा. मी तीन साड्या उघडल्या. धाकटीचा हात जांभळीवर थांबला, पण तोंडाने मला म्हणाली की हिरवी बरी आहे. मी घड्या घालायला मान खाली घातली. तेव्हा ती थोरलीला अगदी कानात म्हणाली की जांभळी घेतली असती, पण दादावर आधीच फार भार आहे.

मला ऐकू आलं, बाय.

मी आत गेलो आणि तसलीच जांभळी, साध्या काठांची, तिच्या भावाला झेपेल अशी शोधून आणली आणि हिरवीच्या शेजारी ठेवली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साडी छातीशी धरली. दोघी हसत गेल्या.

मग मी आतल्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलो आणि चष्मा पुसत राहिलो. गौरेश दाराशी आला. काका, उद्या सकाळी लवकर याल ना, असं त्याने विचारलं. फार हळू विचारलं. मी लगेच होय म्हटलं.

लोभ मागायचा तो आता मी तुझ्याकडे. असू दे.
तुझा मामा,
गोकुळदास