रेघेपलीकडचा लिंब

मिस, तुम्ही गेल्याचं मला बारामतीच्या मंडईत कुणीतरी सांगितलं होतं. मी "अरेरे" म्हटलं आणि मेथीच्या जुडीचा भाव विचारला. त्याला कितीतरी वर्षं झाली. तेव्हा जे वाटायला हवं होतं, ते गेल्या रविवारी वाटलं, तेही मावळातल्या एका उघड्या डोंगरावर, डोक्यावर प्लॅस्टिकचं हेल्मेट घालून.

आमच्या बावड्याच्या जाऊबाईंची साठी होती. त्यांच्या मुलाने सगळ्यांचं पॅराग्लायडिंग ठरवलं. पायलट मागे, आपण त्याच्या पुढ्यात पट्ट्यांनी जखडलेले, आणि वर एकच मोठी कापडी छत्री. याला हल्ली धाडस म्हणतात. उसाची मोळी ट्रॉलीत बसून कारखान्यापर्यंत जाते, म्हणून मोळीला कुणी ड्रायव्हर म्हणत नाही. पण उडून आलेला प्रत्येक जण "मी उडालो" असंच सांगतो. मोळीने करायच्या दोन-तीन गोष्टी असतात, तेवढ्याही या लोकांना धड जमत नाहीत. आदल्या दिवशी मोबाइलवर सूचना आल्या होत्या. घोटे झाकतील असे बूट घाला, हलकं खा, वजन आणि दुखणी खरी सांगा, वारा नसेल तर थांबावं लागेल. चार ओळी, शुद्ध मराठीत. जाऊबाई चंदेरी सँडल घालून आल्या आणि वाटेत दोन प्लेट मिसळ खाल्ली. वजन विचारल्यावर म्हणाल्या, "लिवा की साठ." लिहिणाऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुकाट्याने वजनकाटा पुढे सरकवला. भाऊजींनी ब्लडप्रेशरची गोळी खिशातच दाबली. "त्याला कशाला सांगायचं? डागदर हाय का त्यो?" मग वारा पडला. दीड तास सगळे गवतात बसून, आणि भाऊजी पायलटवर डाफरतायत, "इंदापूरवरनं आलोय आमी, आन् तुमी वारा न्हाय म्हणता?" वारा जणू यांच्या सोसायटीचा चेअरमन होता, निरोप धाडला की हजर व्हायला.

मी बाजूला बसून हे सगळं बघत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते तुम्हाला माहीत आहे. कॉन्व्हेंटच्या मुलीचा चेहरा. तुम्ही मैदानावर "आगं, पळ की!" म्हणालात की आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो, तोच. तुम्ही लोणी भापकरहून एसटीने यायचात, गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर सुतळीची पिशवी. सिस्टरांच्या इंग्रजीपुढे तुमचं बोलणं आम्हाला मातीचं वाटायचं. मधल्या सुट्टीत मी तुमची नक्कल करायचे आणि ती चांगली जमायची. शर्यत संपायच्या रेघेवर सुतळी दोन मुलींच्या हातात देऊन तुम्ही आडवी धरायला लावायचात, आणि बोट दाखवायचात पार पलीकडच्या लिंबाकडे. "रेघंवर काय तुजा बा उभा हाय व्हय? लिंबापातूर पळायचं. रेघंवर थांबायचं मनात आलं, की पाय चार पावलं आदीच थांबत्यात."

माझी पाळी आली. पायलट तिशीचा, शांत. त्याने तीनदा सांगितलं, "काकू, मी पळा म्हटलं की पळायचं. मागे ओढल्यासारखं होईल, तरी पळायचं. उडी मारायची नाही. जमीन संपली तरी पाय चालू ठेवायचे, आणि मी सांगेपर्यंत बसायचं नाही." तिसऱ्यांदा सांगत होता तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. मला एकदा सांगितलेलं कळतं.

"पळा!" मी पळाले. चार पावलं, फार तर पाच. मागून ओढ बसली, पुढे उताराची कड दिसली, आणि मी बसले. लग्नाच्या पंगतीत बसावं तशी, गुडघे जुळवून, साळसूद. आम्ही दोघं वाळक्या गवतातून घसरत गेलो, छत्री एका अंगाला कोसळली. मला काही झालं नाही. त्याचं कोपर सोलून निघालं.

पायलट मंडळींचा प्रमुख धावत आला. "काय झालं?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "पट्टा सैल होता." किती सहज, मिस. विचारही करावा लागला नाही. तो प्रमुख पायलटकडे वळला. "पट्टे न तपासता उडवतोस? आण ते सामान इकडे. आजपासून तुझं उडवणं बंद." सगळ्यांसमोर. कोपराला लागलेलं कुसळ काढत पायलट माझ्या पट्ट्याच्या कडीकडे बघत राहिला. कडी घट्ट होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

ते बघणं मी ओळखलं. वार्षिक खेळांचा दिवस. मी सर्वांत पुढे आहे, पायात तुम्ही आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. वर्तमानपत्रात गुंडाळून, "घरी कुणाला सांगू नगंस" म्हणून दिलेले. सुतळी समोर आहे. खुर्च्यांच्या रांगेत माझे वडील दिसतात, ते टाळ्या वाजवतायत की नाही हे बघायला मी मान वळवते, आणि पाय तिथेच मंदावतात. मागची मुलगी सुतळी घेऊन जाते. सिस्टर विचारतात, "व्हॉट हॅपन्ड?" आणि मी सांगते, बूट मोठे होते, मिसनी दिलेले. तुम्हाला ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं. सिस्टर इंग्रजीत बोलत होत्या, तुम्ही "येस सिस्टर, येस सिस्टर" म्हणत होतात आणि दारातून माझ्या पायांकडे बघत होतात. पुढच्या वर्षी मैदानावर दुसऱ्या बाई आल्या. तुम्हाला शिवणाचा वर्ग दिला. शिट्टी नसलेल्या तुम्ही मला व्हरांड्यात दिसायचात, हातात काजं-बटणांचा डबा.

डोंगरावर मी उठून उभी राहिले. म्हणाले, "पट्टा घट्ट होता. मी बसले. यांनी तीनदा सांगितलं होतं, तरी बसले." जाऊबाई ऐकत होत्या. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या, पण बावड्यात काय म्हणतील ते मला पाठ आहे. प्रमुखाने मला नीट पाहिलं. "निम्मे लोक बसतातच, काकू. बसलो म्हणून कुणी सांगत नाही." मग पायलटला म्हणाला, "घेऊन जा परत."

दुसऱ्या वेळी मी डोंगराच्या कडेकडे पाहिलंच नाही. दरीपलीकडे एक झाड होतं, कशाचं कोण जाणे, मी त्याला लिंब ठरवलं. पळाले. मागची ओढ आली, पळाले. जमीन गेली, मी पळतेच आहे, आणि मागून पायलट हसत ओरडतो, "काकू, झालं! आता बसा की, खाली काही नाही!" वरून काय दिसतं ते सांगत नाही. ते सगळ्यांच्या व्हिडिओत असतं आणि सगळ्यांचं एकसारखंच असतं. उतरताना पाय वर घ्या म्हणाला, घेतले. जाऊबाईंनी वरूनच मिसळ परत केली, आणि संध्याकाळी स्टेटसला टाकलं, "आकाशाला गवसणी". भाऊजींनी खाली हार्दिक अभिनंदन लिहिलं.

हे पाठवायचं तरी कुठे? लोणी भापकरला तुमचं घर कोणत्या आळीला, तेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. त्या परक्या माणसाला मी पाच मिनिटांत खरं सांगितलं, आणि तुम्ही तीन वर्षं माझ्या समोरून व्हरांड्यातून गेलात. मिस, ते बूट मोठे नव्हते. शर्यत जानेवारीत झाली आणि मे महिन्यात ते मला अंगठ्याला चावायला लागले.