जोडाच्या वर

मालवण, १२ मार्च

ती. बायनाआत्यास,
रेणुकाचा शि. सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. आमच्या रोपवाटिकेतून नेलेली काजूची तीसही कलमं जगली हे वाचून बरं वाटलं. मोहोर आला असेल तर खुडून टाक. पहिली दोन-तीन वर्षं झाडाची ताकद मुळांना हवी. बुडाशी वाळलं गवत पसर, पण खोडाला टेकवू नकोस, वाळवी लागते. उन्हाळ्यात पाणी सकाळीच द्यायचं. तुझ्या खडकाळ तुकड्यात कापूस लावायचं गोरखदादाच्या डोक्यातून गेलं का?

लोभ कमी करू नकोस.
रेणुका

वाडी (ता. मंठा), २१ मे

चि. रेणुकास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मोहोर खुडला. खुडताना तुला चार शिव्या घातल्या, तेवढं समजून घे. पाणी बराबर घालून राह्यले. पण पोरी, माझ्या हातून घोळ झाला. पावसाच्या आधी खतासाठी रानात रातभर मेंढ्या बसवायच्या, ही आपल्यातली जुनी सवय. मेंढ्या घेऊन या म्हणून रायभान भावजींना मीच चहा पाजून बोलावलं. कलमं ध्यानातच आली न्हाईत. सकाळी बघते तर नुसत्या काड्या उभ्या. भावजी म्हणाले, मेंढ्यांना काजू भलताच मानवला. गोरख म्हणाला, जून सरेपर्यंत निम्मी कलमं फुटली न्हाईत तर कापूस लावतो. बाकी सगळं रान लेकाच्या मर्जीनं पिकतं. माझ्या मर्जीचा तेवढाच एक तुकडा हाय. जल्दी सांग काय करू.

तू दोन साल आली न्हाईस. स्थळं दाखवीन म्हणून भेलीस का?

तुझी माया असू दे.
आत्या

मालवण, २८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

मेंढ्यांबद्दलचं रायभानकाकांचं मत आमच्या साहेबांना सांगितलं. ते हसले. मी नाही.

आता नीट वाच. खोडावर वीतभर उंचीला गाठीसारखा जोड दिसेल. त्याच्या वर आपला काजू, खाली रानटी रोप. जोडाच्या वरची साल नखाने किंचित खरवड. आत हिरवं असेल तर फुटेल, घाई करू नकोस. जोडाखालून कोंब आला तर कितीही जोमदार दिसो, खुडून टाक. तो वरच्याचं खाणं पळवतो. आणि आजच बोरीच्या काट्यांचं कुंपण घाल.

स्थळांची भीती नाही. रजा नाही.

कळव, वाट पाहते.
रेणुका

वाडी, ४ जुलै

चि. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

गोरखनं स्वतः फिरून मोजली. निम्म्याच्या वर तर फुटलीच, अजून फुटून राह्यलीत. मंग कापसाचं बी त्यानं मुकाट दुसऱ्या रानात नेलं. आता रोज कुंपण बघून येतो अन् म्हणतो, सहज गेल्तो. भावजींच्या मेंढ्या बाहेरून जाताना थांबून बघतात.

खालचे कोंब खुडले. विहिरीकडचं एक मात्र खुडवलं न्हाई. वर ते बिलकुल वाळलं, जे फुटलं ते खालूनच, अन् सगळ्यात हिरवं तेच हाय. खुडलं तर खड्डाच उरतो. तू रागावशील म्हणून पत्राला उशीर केला.

रागावलीस तरी लिहीत जा.
आत्या

मालवण, ११ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न.

नियमाप्रमाणे ते रोप काढायचं असतं. काढू नकोस. वरचं गेलं तरी मूळ धरलेलं आहे. एकच सरळ कोंब ठेव, बाकीचे खुड. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्यावर चांगल्या काजूची काडी बांधून नवं कलम करता येतं. काडी पाकिटातून पाठवता येत नाही, वाळते. ओल्या फडक्यात गुंडाळून हातानेच आणावी लागते. ऑगस्टमध्ये आणते. रजेचा अर्ज दिला आहे.

स्थळ दाखवायचंच असेल तर त्याला कुंपणाचे काटे बसवायला बोलाव. मला काय ते तेवढ्यात कळेल.

काडी बांधताना रोप धरायला कोणीतरी लागतं. ते तू धर.

तुझी,
रेणुका