पायांतलं बळ

आबा,

आज मला हात न टेकता खुर्चीवरून एकदाच उठता आलं. दुसऱ्यांदा उठायला गेले तर मांड्या थरथरल्या आणि मी धपकन खाली बसले. डायलिसिसच्या वॉर्डात आम्हा पेशंटांकडून व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी येते. तीच मोबाईलवर वेळ लावून समोर उभी होती. अर्ध्या मिनिटात माणूस किती वेळा उठतो-बसतो, हे ती दर महिन्याला बघते. उन्हाळ्यात मी सात वेळा उठले होते. "चालशे, बेन," चालेल, असं ती तिच्या गुजराती-हिंदीत म्हणाली, "आज बस इतना ही." म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी जन्मभर मुलांचे पेपर तपासले आहेत. नापास झालेल्याशी कोणत्या आवाजात बोलतात ते मला कळतं.

घरात आपण अहिराणीत बोलायचो, पण लिहायला बसलं की माझ्या हाताला शाळेतली मराठीच येते. तेवढं चालवून घ्या. तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली, तुमचा आजार आता मला झाला आहे, आणि तो कळायला लागल्यापासून तुमच्याशी बोलायचं राहून राहून मनात येतं.

मला तुमचे पाय आठवतात. भेस्तानच्या कारखान्यात तुमच्याकडे बारा माग होते. बारा तास त्या दोन ओळींमधल्या बोळातून तुमच्या येरझाऱ्या चालायच्या. इथे तुटलेला धागा जोड, तिथे धोट्यातली संपलेली सुताची कांडी बदल. मी डबा घेऊन यायची तेव्हा मागांच्या खडखडाटात हाक ऐकू जायची नाही, म्हणून मी बोळाच्या तोंडाशी उभी राहायची आणि तुम्ही फिरत फिरत माझ्यापर्यंत यायची वाट बघायची. एवढं चालून पुन्हा नवागामपर्यंत घरीही पायीच. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बैठका. शेजारचे हसायचे, आठवडाभर चालून याचं भागत नाही म्हणून. नववीत मी एकदा शाळेला रिक्षाने जाते म्हटलं, तर ताटावरून मान वर करून तुम्ही एवढंच विचारलंत, "तुना पायले काय व्हयनं?" मी रडले होते. रागावून तुम्ही मला आयुष्यात एवढं एकच वाक्य बोललात.

आणि मला शाळेत नोकरी लागली त्या संध्याकाळी तुम्ही पर्वत पाटियाच्या चौकातल्या एका हातगाडीवरून पांढरे कापडी बूट आणलेत. नाडीचे, पुरुषी. "मास्तरीनले दिनभर उभं ऱ्हानं पडस," तुम्ही म्हणालात. मी साडीवर ते बूट घालून वर्गात कशी जाणार? मी हसले, तुम्हीही हसलात. मी ते एकदाही घातले नाहीत. पेटीत पिवळे पडले, मग कधीतरी भंगारवाल्याला दिले.

माय जाऊन तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तुमच्या घोट्यांवर सूज यायला लागली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तुम्ही म्हणायचात, उभं राहून राहून होतं तसं. मग दम लागायला लागला. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि आधी कधी तपासला होता का, असं विचारलं. कधीच नव्हता. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली निघाली. कारखाना सुटला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाहीच. ठेचा बंद झाल्यावर तुम्ही भाकरीकडे बघून म्हणालात की ही आता कागदासारखी लागते. तरी त्या दिवसांत तुम्ही चालत होतात. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत, मग डेअरीपर्यंत. येताना दुधाची पिशवी आणायचात आणि ती माझ्या हातात देताना तुमचा चेहरा पगार हातात दिल्यासारखा असायचा.

मग तुम्ही डेअरीपाशी पडलात. फार लागलं नव्हतं, कोपर सोललं होतं. पण मी वर्गात असताना शाळेच्या शिपायाने येऊन सांगितलं, "बाई, तुमचे वडील रस्त्यावर पडले," आणि पाचवीची मुलं तशीच टाकून मी पळत सुटले. ती धाव अजून माझ्या छातीत आहे. घरात आपण दोघंच. मी सकाळी सातला जाणार, दुपारी एकला येणार. मधे काही झालं तर? त्या दिवशी मी तुमच्या चपला माळ्यावर टाकल्या. बादली, तांब्या, औषधं, सगळं खाटेशी आणून ठेवलं आणि बाहेरून कडी लावून शाळेत जायला लागले. शेजारच्या काकूंना म्हटलं, तासाभराने हाक मारत जा. मला वाटलं, मी मोठं काम केलं.

तुम्ही दोन-तीन आठवडे विरोध केलात. "माले चालू दे, बेटा," म्हणायचात. "जवलोंग पाय शेतस तवलोंग चालू दे." पाय आहेत तोवर चालू दे, एवढंच तुमचं मागणं. मी म्हणायची, पडलात तर मी एकटी काय करू? हळूहळू तुम्ही मागणं सोडलंत. दिवाळीनंतर तुमच्या पोटऱ्या इतक्या बारीक झाल्या की पायजम्याची नळी रिकामी दिसायची. संडासपर्यंत जायला माझा खांदा लागायला लागला. एकदा तुम्हांला उठवताना माझी पाठ भरली, तेव्हा कारखान्यातले दिवस आठवून तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "मी बारा माग सांभाळू ना." एवढंच. मी म्हटलं, हो आबा, आता आराम करा. होळीच्या आत तुम्ही गेलात. डायलिसिस एकदाही चुकलं नव्हतं. रक्त शेवटपर्यंत स्वच्छ होत होतं, अंग मात्र खाटेवर झिजून गेलं.

माझं तीन वर्षांपूर्वी कळलं. तोच रक्तदाब. मी तर तपासत होते, गोळ्याही घेत होते, तरी झालंच. आता आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास. त्या मुलीने पहिल्या दिवशी पलंगाच्या पायथ्याशी सायकलच्या पायडलचं छोटं यंत्र बसवलं, माझी पावलं त्यात अडकवली आणि म्हणाली, चलाओ. एका हातात दोन सुया, नळीतून स्वतःचं रक्त बाहेर जाताना दिसतंय आणि खाली पाय सायकल मारताहेत. मी तिला म्हटलं, या आजारात आराम करायचा असतो ना? तिने मान हलवली. या आजारात स्नायू वितळतात, बेन, ती म्हणाली. पडून राहिलं की दुप्पट वेगाने. जेवढं झेपेल तेवढं हलत राहिलं तर माणूस निदान आपल्या पायांनी संडासला जातो. ती अगदी सहज बोलत होती. मी पायडल मारायचं थांबवलं. तिला वाटलं मी थकले.

मग मी केलं, आबा. हट्टाने केलं. गच्चीवर फेऱ्या, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, खुर्चीवरून उठबस. तीनवरून सातवर आले. वाटलं, बाजारात जाऊन पिशवी घेऊन परत येण्याइतकं तरी जमेल. पावसाळ्यात एकदा छातीत पाणी भरलं, दहा दिवस दवाखान्यात झोपून काढले आणि तिथून उठले तेव्हा मिळवलेलं सगळं गेलं होतं. हृदयही आता पुरतं पंप करत नाही. मूत्रपिंड बसवायचं म्हटलं तर हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही, असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. पायडल सुरू केलं की रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आज चाचणीनंतर त्या मुलीने यंत्र पलंगाचं सोडवलं आणि पलीकडच्या पेशंटकडे नेलं. तो विशीतला आहे, नवीन आलाय. तिने बरोबरच केलं. वॉर्डात एकच यंत्र आहे.

घरी आता माझ्याही खाटेशी तांब्या आणि औषधं आली आहेत. मला कोंडून ठेवायला कोणी नाही, दार उघडंच असतं. पण दारापर्यंत जायचं म्हणजे आधी भिंत, मग टेबल, मग पुन्हा भिंत, आणि तिथे पोचल्यावर परत यायची धास्ती. काही सुधारेल असं मी आता कोणाला सांगत नाही, स्वतःलाही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येतेय. तुम्ही पडलात त्यानंतरच्या डायलिसिसला मी तुमच्या डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं होतं, आता यांना झोपवूनच ठेवू ना? ते जिना उतरत होते, थांबले. म्हणाले, "काकाने सुवडावी ना राखता, बेन. रोज थोडुं चलावजो." काकांना झोपवून ठेवू नका, रोज थोडं चालवा, हे मी नीट ऐकलं होतं. गुजराती मला तेव्हाही चांगली समजत होती. आत आले तर तुम्ही विचारलंत, "डॉक्टर काय सांगं?" तुम्ही डॉक्टरांचा शब्द मोडत नव्हतात, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, खाटेवरून उठायचं नाही.