हळद लागलेलं पिस्तूल

मु. वळ, शनिवार दुपार

चि. रामनाथ यास दाजीचा पोटभर आशीर्वाद,

तुझा गुडघा आता काय म्हणतो? रीमा तुला जिना चढू देते का? इकडे माणसं सगळी धड आहेत, फक्त माझं नवं पिस्तूल सुटं होऊन पडलंय. फोनच करणार होतो, पण तुझी ताई भिंतीपलीकडची कुजबुजही ऐकते, म्हणून हे पत्र तुमच्या खारबावला येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती देतोय. रीमाला दाखवू नकोस. तुझ्या बायकोला कळलं की माझ्या बायकोला, कमळला, कळलंच.

पिस्तूल का घेतलं ते तुला सांगायला नको. शेतांवर गोदामं होऊन पैसा आल्यापासून आमच्याकडे ज्याच्या कमरेला काही नाही त्याला हळदीच्या मांडवात मागच्या ओळीतली खुर्ची मिळते. (समोरचा राघो उन्हाळ्यातसुद्धा शर्ट खोचतो, तो कशासाठी? कमरेचं दिसावं म्हणून.) मीही साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या, परवाना मिळवला, आणि एकदाचं पिस्तूल घरी आलं. आल्याआल्या तुझ्या ताईने ते पाटावर ठेवलं. आपल्याकडे नवी गाडी आली, नवा फ्रीज आला की जे होतं, ते सगळं त्याचं झालं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वर नारळ फोडून त्याचं पाणी. लिंबू चाकाखाली ठेवतात, इथे चाक नाही, म्हणून तिने ते कापून वरूनच पिळलं. मी म्हटलं, अगं, लोखंड आहे ते. तर म्हणते, "मंग गाडी काय लाकडाची असतं?"

आठवडाभराने कपाटातून काढून बघतो तर वरचा भाग मागे सरकेना. जोर लावून सरकवला तर आतून दळण दळल्यासारखा आवाज. हळद, अक्षता आणि नारळपाण्याची आत खीर होऊन वाळली होती. त्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, आचारसंहिता आली, आणि निरोप आला की परवान्याची सगळी हत्यारं सोमवारपर्यंत पोलीस ठाण्यात जमा करा. आता तूच सांग, साहेबाच्या टेबलावर कुंकू लावलेलं पिस्तूल कुठल्या तोंडाने ठेवू? म्हणून सफाईला बसलो.

आता लगेच माझ्यावर ओरडू नकोस. तू फौजेत बंदुका साफ करण्यात उमर घालवलीस, तेव्हा तू सांगितलं होतंस तसंच अक्षर न् अक्षर केलं. आधी मॅगझिन काढलं. तोंड माणसांकडे नाही, रिकाम्या शेताकडे. वरचा भाग मागे ओढून आत बघितलं, बोट घालून बघितलं, परत बघितलं. आत गोळी नव्हती. नळीत एक तांदूळ मात्र होता. गोळ्या कमळने स्वतः आतल्या खोलीत नेऊन कुलपात घातल्या नि किल्ली कमरेला खोचली. मला घरात काही बसू दिलं नाही. "देवासमोर न्हाय, चुलीसमोर न्हाय, पडवीत बसा." पडवीत तिने चादरीवर जवळा वाळत घातलेला. त्याच्याच कडेला आम्ही फडकं पसरलं.

आम्ही म्हणजे मी आणि नूर मोहम्मद. भिवंडीत कापडाचे लूम चालवणारा आपला दोस्त. नेमका चहाला आला. (त्याला बोलवावं लागत नाही, आधण ठेवलं की तो येतो.) म्हणाला, "दाजी, हट बाजूला. मशीन म्हणजे मशीन. लूमला कान लावला की मी सांगतो काय बिघडलंय." आणि पिस्तुलाला कान लावला रे त्याने! मी किंचाळलोच.

"अरे, रिकामं हाय ना?"

"पिस्तूल रिकामं आहे, तू डोकं नको रिकामं ठेवूस!"

पिस्तुलाबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत, चित्रं मुंगीएवढी. तरी खटका दाबून वरचा भाग आम्ही सुखरूप वेगळा केला. इतका आनंद झाला की गळ्यात गळे घातले. तिथेच थांबलो असतो तर! पण नूर मोहम्मदने लूमचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्प्रिंगखाली घातला, टण्ण असा आवाज झाला, आणि स्प्रिंग गेली.

गेली म्हणजे कुठे, हे दोघांनीही पाहिलं नाही. मग काय, दोन म्हातारे उकिडवे बसून जवळा चिवडतायत. जवळ्यातली प्रत्येक कोळंबी स्प्रिंगसारखी वाकडी, प्रत्येक वेळी वाटे, हीच. आळीतली मांजरं गोळा झाली. राघो समोरून ओरडला, "काय दाजी, जवळा निवडायची पाळी आज तुमची का?" वर नूर मोहम्मदने उरलेल्या भागांवर लूमचं तेल ओतलं. आता पिस्तुलाला लूमचा वास, जवळ्याला लूमचा वास, आणि मला जवळ्याचा.

तेव्हा बाबा रे, उद्या सकाळी ये. अर्धवट पिस्तूल जमा केलं तर साहेब विचारणार, बाकीचं कुठाय? जवळ्यात, असं सांगू?

वैतागलेला, पण तुझाच,
दाजी

ता. क. कमळने विचारलं तर गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला न्यायला आलो म्हण.

ता. क. २. स्प्रिंग सापडली. म्हणजे ती हरवलीच नव्हती. उडून सरळ सैपाकघरात गेली होती, आणि तेव्हापासून तुझ्या ताईच्या पदराच्या गाठीत होती. आम्हाला तिने जवळा निवडू दिला, कारण तो तसाही निवडायचाच होता. आत्ता चहा ठेवला, गाठ सोडून दाखवली, परत बांधली. म्हणते, "देते. पन पोलीस ठान्यात ठेवलंत का परत आनायचं न्हाय. हळदीत मानसं पिऊन नाचतान, आन तुमच्या कमरेला ह्ये. मना झोप लागत न्हाय." पिस्तूल आल्यापासून ती बाहेरच्या खोलीत झोपते. मी समजत होतो, उकाड्यामुळे.

ता. क. ३. तर खरं काम असं. उद्या येच. जोडून दे, आणि एक कडक पत्र लिहून आण, फौजेतल्या माणसाने लिहावं तसं, की दाजी, तुमच्या वयाला हे शोभत नाही, परवान्यासकट सोडून द्या. ते मी राघोला दाखवेन. बायकोच्या सांगण्यावरून सोडलं हे कळलं तर मागच्या ओळीतली खुर्चीही जाईल. आणि ते शेताकडे तोंड धरलं होतं ना, तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की नळीतला तांदूळ आपोआप बाहेर पडला. हे मात्र पत्रात लिहू नकोस.