रुद्राणीचे वडील हयात आहेत का

जुळे सोलापूर,
सोमवार, दुपार

प्रिय इंदू,

अक्षर ओळखलं असशील. नऊ वर्षांनी लिहितोय, तेव्हा पाकीट न फोडता टाकून द्यायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच. मला जे सांगायचंय ते एका दमात निघायचं नाही. आधी थोडा राग ओकू दे, तेवढं मला चांगलं जमतं.

आपल्या सोसायटीला वेड लागलंय. संध्याकाळी साडेसातला एक मालिका असते, तिच्यात रुद्राणी नावाची बाई आहे. घर सोडून गेलेली, पुढं स्वतःच्या जिवावर मोठी झालेली, वगैरे. लोक बघतात, बघोत बापडे. पण आमच्या इथल्या शहाण्यांनी तिचं चरित्र लिहायला घेतलंय. दर रविवारी चार वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा फिरतो, आणि जी बाई जन्मलीच नाही तिच्या जन्मतारखेवरून भांडणं होतात. झेरॉक्सच्या दुकानवाला अवधूत अध्यक्ष. वरच्या मजल्यावरच्या चन्नम्माकाकू उपाध्यक्ष. त्या अक्कलकोटकडच्या, रागात त्यांना मराठी सुचत नाही. मग त्या कन्नडमधून पुरावे देतात आणि कुणालाच काही कळत नसल्यामुळं ते मान्य होतात.

तिचं गाव कोणतं यावर तीन रविवार गेले. मालिकेत नुसतं सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव एवढंच म्हटलंय. एका भागात धान्याची पोती दिसली म्हणून बार्शी, दुसऱ्यात ऊस दिसला म्हणून करकंब. नातेपुत्याचे एक गृहस्थ तर, यातलं काहीच ठाम नाही म्हणजे नातेपुतेच, असं छातीठोकपणे सांगत होते. शेवटी हात वर करून मतदान. अगं, मी छत्तीस वर्षं शिक्षण खात्यात कारकुनी केली. एका पोराच्या जन्मतारखेसाठी शाळेचं जनरल रजिस्टर, दाखला आणि ग्रामपंचायतीची नोंद समोर आल्याशिवाय कागद पुढं सरकवला नाही. आणि इथं जन्मगाव बहुमतानं ठरतं. मी गॅलरीत उभा राहून ऐकायचो आणि मोठ्यानं हसायचो, खाली ऐकू जावं म्हणून.

या सगळ्या कारभाराची वही कुणाकडे होती, माहितीये? तुझ्या आईकडे. सातवी शिकलेली बाई, पण वहीचे रकाने कसे पाडले होते बघायला हवंस. माहिती, भाग क्रमांक, तारीख. नवऱ्याला जन्मभर रकाने पाडताना बघून आलं असणार. रोज साडेसातला पेन घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि मी आतल्या खोलीत पेपर उघडून टोमणे मारायचो. ती उत्तर द्यायची नाही. घरात तुझं नाव घ्यायचं नाही हा माझाच नियम, त्यामुळं आमच्यात बोलण्यासारखं तसं फारसं उरलंही नव्हतं.

मागच्या महिन्यात माझ्या अंगात आलं. म्हटलं, पडताळणी कशाला म्हणतात ते या लोकांना एकदा दाखवूच. आईकडं वही मागितली. तिनं ती लगेच दिली नाही, दोन दिवस टाळाटाळ केली. मग मी लाल पेन घेऊन बसलो, मोबाइलवर जुने भाग लावून एकेक नोंद ताडून पाहिली. जिच्यापुढं भाग क्रमांक नाही ती खोडली आणि समासात ‘पुराव्याअभावी रद्द’ असं लिहिलं. चौथीत असताना पेरूच्या झाडावरून पडून डावा हात मोडला, रद्द. पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला ठेवते, रद्द. घर सोडताना बॅगेची चेन तुटली होती, ती ओढणीनं बांधली, रद्द. अशा बावीस नोंदी. तू वाचताना पहिल्याच नोंदीला थांबली असशील. मला मात्र एकही ओळखीची वाटली नाही. भाग क्रमांक नाही एवढंच दिसलं.

पुढच्या रविवारी मी खुर्ची घेऊन मधोमध जाऊन बसलो. त्या दिवशीचा वाद होता, रुद्राणीचे वडील हयात आहेत की नाहीत. मालिकेनं मध्ये आठ वर्षांची उडी मारलीये आणि त्या आठ वर्षांत बापाचा पत्ता नाही. अवधूत म्हणाला मेले असणार, त्या कामासाठी नट परवडला नसेल. बाकीचे तयारच होते. एकट्या तुझ्या आईनं, माझी तपासणी होऊन वही परत गेल्यावर, तिच्यात ‘हयात’ लिहिलं होतं, तेही भाग क्रमांकाशिवाय. मी उभा राहिलो. गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात नियम सांगितला. ज्यांना एखाद्या माणसाची खबरबात असायला हवी, त्यांनाच सात वर्षं ती नसेल, तर कायदा त्याला मयत धरतो. इथं तर आठ झाली. पत्र नाही, फोन नाही, लग्नात नाही, बाळंतपणाला नाही. असला बाप मेलेलाच, नोंद रद्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

टाळ्या थांबल्यावर तुझी आई बसल्या जागेवरनंच बोलली, अगदी साध्या आवाजात.

“नियम बरोबर हाय की. मग त्या नियमानं आपल्या इंदूसाठी तुमी दोन वर्षांमागंच मेलाय.”

चन्नम्माकाकूंनी डब्याला झाकण लावलं. आई उठली, माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं, ‘हयात’वर रेघ मारली, शेजारी ‘मयत’ लिहिलं, वही अवधूतच्या हातात दिली आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी मी अवधूतच्या दुकानात जाऊन ती वही मागितली. माझ्या आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यानंही काही न विचारता दिली. घरी आणून परत वाचली. त्या बावीस नोंदींत रुद्राणी कुठंच नव्हती, पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच होतीस. सध्याच्या पत्त्यापुढं मालिकेतलं पुणे सोडून तिनं नाशिकचा पत्ता लिहिलाय, पिनकोडसकट. हे पत्र त्यावरच टाकतोय. तिला तो कुणाकडून मिळाला हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अपत्यांच्या रकान्यात ‘मुलगी एक, वय पाच’ असं आहे. त्यावरही माझी लाल रेघ आहे, इंदू. मला नात आहे हे मला तिच्यावर रेघ मारून झाल्यावर कळलं.

मी ज्यांना रिकामटेकडे म्हणत होतो ते निदान एका परक्या बाईची चौकशी तरी करत होते. तू विणकराच्या घरात लग्न केलंस तेव्हा दारात उभा राहून मी म्हणालो होतो, आजपासून तुझ्यासाठी मी मेलो. तुझ्या आईनं ते माझ्या मागं उभं राहून ऐकलं होतं, आणि तरी इतक्या वर्षांनी वहीत तिनं ‘हयात’च लिहिलं. आता पंधरा दिवस झाले, टीव्ही बंद आहे. ती जेवायला वाढते, बोलत नाही. चूक माझी होती, तेव्हाही आणि परवाही. मी जिवंत आहे हे मी स्वतः कितीही ओरडून सांगितलं तरी तिला पटणार नाही, ते तुझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस, मला माफही करू नकोस. आईला मात्र एक फोन कर, तिचा नंबर जुनाच आहे. फोन आला की मी उठून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसेन, म्हणजे तिला मोकळेपणी बोलता येईल. आणि नातीचं नाव तिला सांग, वहीत ते नाही. मला सांगायचं की नाही, ते ती ठरवेल.

तुझाच,
आप्पा