कपाटाच्या आतला कागद

लालबाग, मुंबई
३ एप्रिल २०२५

ती. आईंस,
प्राचीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही दोघी बऱ्या आहोत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आपली दहा बाय बाराची खोली तुम्हाला ठाऊक आहे. मी कुजबुजले तरी मनवाला ऐकू जातं, आणि हे तिने ऐकायला नको आहे. गॅलरीत जाऊन बोलावं तर शेजारच्या जाईबाई ऐकणार, आणि जाईबाईंनी ऐकलं म्हणजे तिन्ही मजल्यांनी ऐकलं.

निलेश घर सोडून गेले त्याला या पाडव्याला दोन वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहिलात, पोटच्या मुलाला सांगितलंत की जायचं तर तू जा, खोली सुनेची आणि नातीची. ते मी विसरलेले नाही, म्हणूनच आजही तुमच्याकडेच पदर पसरते आहे.

जूनपासून आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवीन ड्यूट्या लागणार. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपारी दोन ते रात्री दहा. मनवा साडेबाराला शाळेतून येते. दहा वर्षांची पोर दहा वाजेपर्यंत एकटी कशी ठेवू? मामांच्या आजारपणामुळे तुम्हाला इथे येता येत नाही, हे मला कळतं. म्हणून विचारते, मनवाला दोन-तीन वर्षं तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तिथे शाळा घराजवळ आहे, हवा चांगली, आणि आजी आहे. दुसरा मार्ग दिसत नाही.

मामांना नमस्कार. मनवाचा गोड पापा. लोभ आहेच, तो असाच असू द्या.

आपली,
प्राची

*

पोईप, ता. मालवण
१४ एप्रिल २०२५

चि. प्राची हिस,
अनेक आशीर्वाद.

मायन्यात सौ. लिहावं की नाही, तिथे माझं पेन अडलं होतं. मग म्हटलं चि. पुरे. ते कोणाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नाही.

मनवाला मी ठेवून घेणार नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे लिहिणं होणार नाही.

कारण सांगते. निलेशचे वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मी मसाल्याच्या डंकावर कामाला लागले. मार्च ते मे सीझन, सकाळपासून मिरची कुटायची. पोरगा शाळा सुटली की डंकावरच येऊन बसायचा आणि खोकून खोकून लाल व्हायचा. आपल्या गिरणगावात तेव्हा एकच औषध, पोराला गावी ठेवा. मीही ठेवलं. त्याला त्याच्या मामाबरोबर, रमाकांतबरोबर, एसटीत बसवलं आणि सांगितलं की दोन महिन्यांत न्यायला येते. जाण्याचं तिकीट काढलं, येण्याचं काढायचं राहिलं ते सहा वर्षं.

रमाकांतने काही कमी केलं नाही, उगाच खोटं बोलू नये. पण निलेश वर्षातून दोनदा मुंबईला यायचा, तेव्हा मी कोंबडी-वडे करायची. त्याला ओरडायची नाही, ताट उचलायला सांगायची नाही. चार दिवसांसाठी आलेल्याला काय बोलायचं? स्वतःच्या घरात मी त्याला पाहुणा करून ठेवला, आणि तो पाहुणा राहायला शिकला. आधी माझ्याकडे, मग तुझ्याकडे. जो येतो तो कधीतरी जातोच, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. त्याने केलं ते त्याचं पाप, मी ते माझ्यावर ओढून घेत नाही. पण त्यातलं माझं जेवढं आहे तेवढं मला माहीत आहे.

मनवाला तुझ्याजवळच ठेव. चिडशील, चीड. जिवाला जप आणि म्हातारीवरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
आई

*

लालबाग
२२ एप्रिल २०२५

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचा निर्णय समजला.

तुम्ही तुमच्या मुलाचं सांगितलंत, पण मनवा म्हणजे निलेश नव्हे, आणि मी म्हणजे तुम्ही नव्हे. मी तिला टाकत नव्हते, आजीकडे पाठवत होते. नाही म्हणणं सोपं आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी दुपारी दोन वाजता मी काय करायचं, तेही लिहा की मग.

मामांना नमस्कार सांगा. बाकी ठीक.

प्राची

*

पोईप
३० एप्रिल २०२५

चि. प्राची हिस,
अनेक आशीर्वाद, आणि रागावलीस त्याबद्दल एक जास्तीचा. रडणारी बाई बसून राहते, रागावलेली कामाला लागते. मी तेव्हा रडत बसले होते.

आता नीट वाच. शेजाऱ्यांकडे नंतर, आधी तुझ्या वरच्या मॅडमकडे जा. डोळ्यांत पाणी आणू नकोस, ड्यूट्यांचा कागद हातात घेऊन जा. सणासुदीची आणि रविवारची ड्यूटी कोणाला नको असते, ती तू माग. त्याच्या बदल्यात इतर दिवशी सकाळचीच ड्यूटी माग, आणि कबूल केलं तर लिहून घे. तोंडी कबुली माणूस बदलला की संपते.

मग चाळीत. एकाच्याच गळ्यात सगळं घालू नकोस, हौसेने घेतलेलं ओझंही महिन्याभरात जड होतं. प्रत्येकाला एकेकच काम सांग. जाईबाईकडे चावी आणि दुपारी एकदा डोकावणं. ती डंकावर माझ्या शेजारी वीस वर्षं उभी होती, तोंडाळ आहे पण चावी सांभाळते. तिसऱ्या मजल्यावरच्या कोंडीराम मास्तरांकडे अभ्यास. आणि फुकट कोणाचं घेऊ नकोस. चाळीतली म्हातारी माणसं रक्त तपासायला टॅक्सी करत फिरतात, तू त्यांच्या दारात जाऊन रक्त काढून दे. मग तुझी मान खाली राहणार नाही.

एक कागद लिही. पोरीला कोण न्यायला येऊ शकतं, कोणाला आधी फोन करायचा, सगळं त्यात. तो बाहेरच्या दाराला डकवू नकोस, येणारा-जाणारा वाचतो. कपाटाच्या दाराला आतून लाव. त्याचीच एक प्रत शाळेत दे, सही करून. ज्याचं नाव कागदावर नाही तो सख्खा असला तरी तुला फोन केल्याशिवाय मनवाने त्याच्याबरोबर जायचं नाही. हो, मला कळतंय मी कोणाबद्दल लिहिते आहे.

तिच्या बापाला तिच्यासमोर शिव्या देऊ नकोस, आणि बाबा कामाला गेलेत असलं खोटंही सांगू नकोस. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे, आता तूच घरातली मोठी असं तिला कधी म्हणू नकोस. मोठी तू आहेस. ती दहा वर्षांची आहे, तिला दहाचीच राहू दे. दिवसातून एक जेवण दोघींनी एका वेळी जेवा, मग ते नुसतं वरण-भात का असेना. आणि आठवड्यातला एक तास तुझा एकटीचा. मला विचारशील तर मी तो कधी घेतला नाही, आणि त्याचं फळ म्हणून हा स्वभाव आहे.

रमाकांत म्हणतो, आक्का पत्र लिहिते आहेस की पंचायतीचा ठराव. त्याची जीभ लकव्यातून वाचली, हे देवाचे उपकारच म्हणायचे. कळवत राहा, आणि राग गेला की थोडं प्रेमही पाठव.

तुझी,
आई

*

लालबाग
८ सप्टेंबर २०२५

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

परवा विसर्जन झालं, कालचा अख्खा दिवस लालबाग झोपलं होतं, आणि आज मी पत्र लिहायला बसले. मधल्या महिन्यांत फोनवर बरी आहे, बरी आहे एवढंच म्हणत राहिले. आता सविस्तर.

मॅडमनी आठ ते चार लिहून दिलं. रविवारची ड्यूटी माझी. जाईबाई चावी सांभाळतात, आणि डोकावायचं एकदा ठरलं असताना चारदा डोकावतात. मास्तरांकडे मनवा गणित शिकते आणि त्यांना मोबाईल शिकवते. दोघांपैकी कोण जास्त चिडतं ते सांगता येत नाही. मी शनिवारी सकाळी चाळीतल्या सात जणांचं रक्त काढते. परवा मला जिन्यात कोणीतरी डॉक्टरीणबाई म्हटलं, मी दुरुस्त केलं नाही. गुरुवारचा माझा तास मी गच्चीवर बसून काढते. पहिल्या दोन गुरुवारी नुसती रडले, आता भेळ खाते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ३१ तारखेच्या रविवारी निलेश आले होते.

मी ड्यूटीवर. दोन वर्षांत पहिल्यांदा ते दारात उभे, हातात फ्रॉकचा बॉक्स, मनवाला गणपती दाखवायला न्यायचं म्हणत होते. बाहेर रस्त्याला मुंगी शिरेल एवढी जागा नाही. पुढचं सगळं जाईबाईंनी दाराआडून पाहिलं आणि तिन्ही मजल्यांना सांगितलं. आपल्या मनवाने त्यांना पाणी दिलं. गॅलरीत मास्तरांच्या शेजारी खुर्ची देऊन बसवलं. मग आत येऊन कपाट उघडलं, कागद बघितला, आणि बाहेर जाऊन सांगितलं की बाबा, तुमचं नाव कागदावर नाही, मी आईला विचारते. रडली नाही, घाबरली नाही, उद्धटपणाही नाही. फोनवर मला म्हणाली की त्यांचा शर्ट घामाने भिजलाय आणि तिला जायचंय, पण मी हो म्हटलं तरच.

आई, माझ्या हातात रक्ताच्या नळ्या होत्या, त्या आधी खाली ठेवल्या. मग हो म्हटलं. चारच्या आत घरी, एवढीच अट घातली. ते तिला चारला दहा कमी असताना घेऊन आले. निघताना त्यांनी तो कागद बघायला मागितला. कपाटासमोर बराच वेळ उभे होते म्हणे. हा कोणी लिहायला सांगितला असं विचारलं, तेव्हा मनवाने सांगितलं, आजीने.

मी घरी आले तेव्हा त्या कागदावर पेन्सिलीने एक नवीन ओळ होती. बाबा, आणि पुढे कंसात, आईला फोन करून. मी ती ओळ पेनाने गिरवली. बरोबर केलं ना?

त्या रात्री मला मनवाचा इतका अभिमान वाटला की मी तिची वेणी घालतच बसले. ती म्हणाली, आई, वेणी खूप घट्ट झाली.

एप्रिलमधल्या त्या चार ओळींच्या पत्राबद्दल मला माफ करा. तुमच्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू नका.

आपली,
प्राची

*

पोईप
१९ सप्टेंबर २०२५

चि. प्राचीस,
रमाकांतमामाचे अनेक आशीर्वाद.

आक्काचं पत्र सोबत नाही, कारण ती तुझं पत्र घेऊन वाडीभर फिरते आहे. पोस्टमनलाही वाचून दाखवलं, त्यानेच आणून दिलेलं. नातीने काय केलं ते ऐकल्याशिवाय गावात कोणाला वाट नाही. तू ओळ गिरवलीस ते फार बरोबर केलंस, असं तिने सांगायला सांगितलं आहे.

निलेशने तिला फोन केला होता, विसर्जनाच्या आदल्या दिवशी. म्हणाला की आई, माझ्यासाठी असा कागद का नाही केलास? आक्का म्हणाली, तेव्हा अक्कल नव्हती, आता सुचली ती तुझ्या लेकीच्या कामी आली. त्यानंतरही फोन कोणी ठेवला नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, चांगली पाच मिनिटं.

आता एक गोष्ट तिने तुला कधीच सांगितली नसती, म्हणून मी सांगतो. तुझं एप्रिलचं पत्र आलं त्याच दुपारी ती शाळेत जाऊन प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. सुताराला बोलावून माजघरातल्या खिडकीखाली टेबल करायला सांगितलं, मनवाच्या उंचीचं. डबा आणला, पाण्याची बाटली आणली. चार दिवस घरात गाणं म्हणत होती, जे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पाचव्या दिवशी गाणं थांबलं. फॉर्म घडी करून डब्यात ठेवला आणि तुला नकार लिहायला बसली. तीन कागद फाडले, चौथा पाठवला. नाही म्हणणं सोपं असं तू लिहिलं होतंस, ते वाचून ती फक्त म्हणाली, बरोबर आहे पोरीचं.

टेबल अजून तिथेच आहे. मी त्यावर औषधं ठेवायला गेलो तर ओरडते.

हे तुला कळलं असं तिला कळू देऊ नकोस. माझा अर्धा देह निकामी आहे, उरलेल्या अर्ध्याची काळजी वाटते. आठवण ठेव.

तुझा,
रमाकांतमामा

*

लालबाग
४ ऑक्टोबर २०२५

ती. आईंस,
प्राची आणि मनवा दोघींचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मनवा तुमच्याकडे येते आहे. आठ दिवस. मी सोबत आहे, मला चार दिवसांची रजा मिळाली, मॅडमनी स्वतः लिहून दिली. नंतर चार दिवस ती तुमची एकटीची, आणि मी रविवारची ड्यूटी करून तिला न्यायला येईन.

तिला पाहुणी करू नका. ताट तिचं तिलाच उचलू दे, उशिरा उठली तर ओरडा, वडे एकदाच करा. तिला गृहपाठ बराच आहे. लिहायला बसायला कुठेतरी खिडकीजवळ जागा मिळाली तर बरं, तुम्हाला सोयीचं असेल तर.

मनवाने शेजारी बसून एक गोष्ट लिहायला लावली आहे. तुमचा पत्ता आणि फोन तिने त्या कागदावर सगळ्यांत वर लिहिला आहे. कंसात काही नाही.

कुडाळपर्यंतची तिकिटं काल काढली. तिची दोन्ही एकदमच काढली, जाण्याचं आणि येण्याचं. ती तिने स्वतःच्या दप्तरात ठेवली आहेत, आणि चाळीत प्रत्येकाला दाखवून झाली आहेत.

तुमची माया आहे तशीच राहू द्या, आम्ही घ्यायला येतोच आहोत.

आपल्या,
प्राची आणि मनवा